बर्फाच्या तुफानात ट्रक कसा उभा करायचा

घिवली, ता. २७ नोव्हेंबर १९६६

वाम्या,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी शिव्या खा. दिवाळीच्या पत्राचं उत्तर आत्ता पाठवतोस, तेही अर्धा कागद! आणि त्या अर्ध्या कागदात काय, तर उधमपूरहून वर माल नेताना छान ऊन पडलेलं असतं, तू गाणं म्हणत ट्रक चालवत असतोस, आणि एकदम वारा सुटून बर्फाचा असा मारा होतो की स्वतःच्या ट्रकचं नाक दिसत नाही. मग थोड्या वेळानं पुन्हा ऊन. "गंमत असते, बाय," असं वर लिहितोस. गंमत! आई हे ऐकून चुलीपुढून उठली ती सरळ देवापुढं जाऊन बसली. इकडं तव्यावरची भाकरी करपली, ती मला खावी लागली.

आईला बर्फ कसा समजवायचा? मी सांगितलं, मिठागरातल्या मिठासारखा पांढरा. तर म्हणाली, "मंग ते मीठ वाऱ्यानं उडून माज्या पोराच्या डोल्यात जाते?" मी हो म्हटलं. तर आता ती मला विचारते, डोळे कशानं धुतोस. लिही काहीतरी.

पत्र वाचत होते तेव्हा बाबा ओटीवर आमच्याकडं पाठ करून जाळं विणत बसला होता. ऐकत नव्हता हं! त्याला तुझ्याशी काय घेणं? गेल्या वर्षी नारळी पुनवेला होडीचं सुकाणू तुझ्या हातात देणार म्हणून त्यानं आख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. आणि तू पावरहाऊसच्या कामावर ट्रक शिकलास, सरहद्दीवरच्या सडकांच्या नोकरीचा कागद त्याच्यापुढं धरलास आणि दुसऱ्या दिवशी पालघरला जाऊन गाडीत बसलास. दर्यात होडी नेणाऱ्या पोशा तांडेलाचा पोरगा सडकेवर खटारा हाकतो, हे त्याच्या घशाखाली उतरत नाही. तुझं नाव निघालं की तो उठून किनाऱ्यावर जातो. पण परवा उठला नाही. विणायची सुई मात्र हातात तशीच थांबली होती.

मग दोन दिवस तो भिंतीशी बोलत होता. "अचानक तुफान आलं का शाना मानूस पलत नाय." थोड्या वेळानं पुन्हा, "शीड उतरवायचं, नांगर टाकायचा आनी होडीचं तोंड वाऱ्यावर धरायचं. कुशीवर वारा घेतला का खलास." मी विचारलं, कोणाला सांगतोस? तर म्हणाला, "भिंतीला. तुला काय करायचंय?"

आता भिंतीला लिहिता येत नाही, म्हणून मी लिहिते. तुझ्याकडं शीड नाही, नांगर नाही, पण ट्रकला तोंड आहे ना? तर बर्फ आला की थांब आणि तोंड वाऱ्यावर धर. कोणी सांगितलं ते विचारू नकोस. गावातला एक म्हातारा म्हण हवं तर.

आशीर्वाद.
तुझी बाय,
हिरा


घिवली, ता. १८ डिसेंबर १९६६

अरे माझ्या कर्मा,

वाम्या, तू माणूस आहेस की कोण आहेस? बहिणीनं सांगितलं म्हणून कोणी ट्रक वाऱ्याकडं फिरवतं? मी सांगितलं हे खरं आहे. पण तुला डोळे आहेत, सडक तुझ्यापुढं आहे, दरी तुझ्या शेजारी आहे!

तुझं पत्र मी अंगणात वलांडीवर बोंबील वाळत घालता घालता वाचायला लागले. पटणीच्या चढावर बर्फाचा मारा आला, तू थांबलास, म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं, वारा दरीतून येत होता म्हणून तू चाक वळवलंस आणि ट्रकचं तोंड दरीकडं करून उभा राहिलास. म्हणजे सडकेवर आडवा! दार लावून घ्यावं तशी तू सगळी सडक बंद केलीस. मागून बटाट्याचा ट्रक आला, तो तुझ्या फळ्यांपासून हातभरावर थांबला. बटाटेवाल्यानं खाली उतरून तुला ज्या शिव्या दिल्या त्या तू लिहिल्या नाहीस, चांगलं केलंस, कारण मी मोठ्यानं वाचत होते. तुझ्या साहेबानं विचारलं, आडवा का लावलास? आणि तू सांगितलंस, "साहेब, वारा तिकडून होता." मला इतकं हसू आलं की बोंबलांची माळ हातातून सुटून वाळूत पडली. आख्ख्या हिंदुस्थानात असा ट्रक उभा करणारा ड्रायव्हर तू एकटाच असशील. घिवलीचं नाव काढलंस!

पुढचं वाचलं आणि हसू पळालं. पुढची चाकं दरीच्या कडेपासून वीतभरच लांब होती, हे तू बर्फ उघडल्यावर पाहिलंस. साहेब म्हणाला, आता पुन्हा असं झालं तर हातातलं चाक काढून घेईन आणि कुदळ देईन. कुदळीचं सोड रे. तू त्या दरीत गेला असतास तर?

मी मागं वळून बघते तर बाबा. केव्हा येऊन उभा राहिला होता कोण जाणे. तोंड राखेसारखं झालेलं. मला म्हणाला, "वामन बरा हाय ना?"

ऐकलंस? वामन म्हणाला. वर्ष उलटून गेल्यावर पहिल्यांदा.

मी म्हटलं, बरा आहे, पत्र त्यानंच लिहिलंय. तर त्याचा विश्वास बसेना, अक्षर तुझंच का ते मला दोनदा बघायला लावलं. त्या दिवशी तो जेवला नाही. आईनं ताट पुढं केलं तर म्हणाला, "मी माज्या हातानं पोराला कड्यावर नेऊन उभा केला." ताट तिनंही बाजूला सारलं.

तेव्हा तो गावातला म्हातारा कोण होता ते तुला कळलंच असेल. त्यानं कोणाला सांगू नको म्हटलंय. मी तुला सांगत नाही आहे, लिहिते आहे.

आशीर्वाद घे, आणि तोंड सडकेकडं ठेव, माझ्या राजा!

हिरा


घिवली, ता. ८ जानेवारी १९६७

वाम्या,

हे पत्र उशीखाली ठेव. नाही, उशीखाली नको, ट्रकमध्ये ठेव.

परवा सकाळी बाबा ठेवणीतलं धोतर नेसून, टोपी घालून निघाला. कुठं, तर बोयसरला. कशाला, तर "कामाय." एका टोपलीत सुके बोंबील आणि दुसरीत घोलवडचे चिकू. दोन टोपल्या कोण उचलणार म्हणून मला बरोबर घेतलं. मला वाटलं कोणाची सोयरीक बिघडली असेल, ती जुळवायला चाललाय.

तर हा गेला स्टेशनाच्या बाजूला, पावरहाऊसचं सिमेंट जिथं ट्रकमध्ये भरतात तिथं! वाटेत ट्रक दिसला तर नाकाला रुमाल लावणारा आपला बाप, एकेका ट्रकपाशी जाऊन विचारतो, "तुमच्यात बरफवाला कोन हाय?" ड्रायव्हर लोक हसायला लागले. एकानं सांगितलं, ज्ञानचंदला विचारा, तो पहाडातला आहे, कांगड्याचा.

ज्ञानचंद ट्रकखाली काहीतरी ठोकत होता. बाहेर आला तेव्हा मिशीलासुद्धा सिमेंट. बाबानं आल्या आल्या बोंबलांची टोपली त्याच्या नाकापुढं धरली. अरे, तो माणूस जो उडाला तो ट्रकला वळसा घालून पलीकडं जाऊन उभा राहिला! मांस खात नाही, मासळीचा तर वासही माहीत नाही. मग चिकू दिले तेव्हा जवळ आला.

बाबा म्हणाला, "तुम बरफ में गाडी कैसा उभा करता?"

"यहाँ बरफ कहाँ, बाबा?"

"यहाँ नाय. उधर मेरा पोरगा हाय. मेरा वामन. ट्रक चलाता."

वाम्या, चारचौघांत "मेरा वामन" म्हणाला! मी दुसरीकडं बघत उभी राहिले, कारण माझे डोळे भरले होते आणि मला तिथं रडायचं नव्हतं.

ज्ञानचंदनं मग एका पोत्यावरच्या सिमेंटच्या धुळीत बोटानं सडक काढली. काडेपेटी म्हणजे ट्रक. बाबाला म्हणाला, समजो हवा इधर से आई, अब गाडी लगाओ. बाबानं काडेपेटी केली वाऱ्याकडं! ज्ञानचंदनं सरळ केली. बाबानं पुन्हा वळवली. "बाबा," तो म्हणाला, "सडक दर्या नहीं है. हवा कहीं से आए, मुँह सडक की तरफ." बाबाच्या हाताला दुसऱ्याचं ऐकायची सवय कुठं आहे? तरी शेवटी त्यानं स्वतः काडेपेटी सरळ लावली आणि वर माझ्याकडं बघून म्हणाला, "हिरे, ध्यानात ठेव." जणू काडेपेटी मीच आडवी लावत होते.

आता नीट वाच. पुढचा डोंगर दिसेनासा झाला की तेव्हाच वेग कमी करायचा, मारा अंगावर येईपर्यंत वाट बघायची नाही. ब्रेक एकदम दाबायचा नाही, चाकं घसरतात. पुढच्या गाडीपासून चांगलं लांब राहायचं. दिवा लावायचा, पण मोठा नको, लहान. मोठ्याचा उजेड बर्फ तुझ्याच डोळ्यांत परत फेकतो. चालवणं जमत नसेल तर डोंगराच्या बाजूला रुंद जागा बघून सडक पूर्ण सोडून थांबायचं. सडकेच्या मध्ये नाही, वळणावर नाही, आणि वरून बर्फ घसरून येतो अशा उताराखाली तर मुळीच नाही. दिवे चालू ठेवून मधून मधून भोंगा वाजवायचा. इंजिन चालू असेल तर मागची धुराची नळी बर्फानं बुजत नाही ना ते बघायचं आणि काच दोन बोटं उघडी ठेवायची, नाहीतर धूर आत भरतो आणि माणूस बसल्या जागी झोपतो तो उठत नाही. घोंगडी, गूळ, चणे, पाणी ट्रकमध्येच हवं. चाकांच्या साखळ्या चढ लागायच्या आधी बांधायच्या.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ट्रक सोडून चालत सुटायचं नाही. दहा पावलांवर गेलेला माणूस परत आपल्या ट्रकपाशी येऊ शकत नाही. उतरावंच लागलं तर दाराच्या कडीला दोर बांधून, दुसरं टोक कमरेला. हे ऐकलं आणि बाबा उडालाच. "हे आपलंच! हे तर आपलंच हाय! होडी सोडायची नाय आनी कमरेला दोर!" ज्ञानचंदच्या पाठीवर अशी थाप मारली की त्या बिचाऱ्याच्या हातातला चिकू पडला. पुढं किती वेळ दोघं दर्या आणि पहाड यांच्यावर बोलत बसले. एकाची हिंदी दुसऱ्याला कळत नव्हती, पण दोघंही मान डोलवत होते.

परतताना बसमध्ये त्यानं सगळं माझ्याकडून तोंडी म्हणून घेतलं. माणसं वळून वळून बघत होती. आता घिवलीत बसून मीही बर्फात ट्रक उभा करीन. फक्त बर्फ आणि ट्रक तेवढं पाठवून दे.

बाबानं निरोप दिलाय. लिहू का? "ज्ञानचंद सांगतो, म्हनून लिव." एवढाच. पण माझ्यामागं उभा आहे आणि सगळं लिहिलं का ते विचारतो आहे.

हिरा


घिवली, ता. १० फेब्रुवारी १९६७

वामन,

तुझं पत्र नाही. चहाच्या दुकानातल्या रेडिओवर सांगितलं, तिकडं फार बर्फ पडलाय, सडक बंद आहे. रेडिओला काय, सांगून मोकळा होतो आणि गाणी लावतो.

बाबा रोज पोस्टात जाऊन बसतो. विचारलं तर म्हणतो, मासळीचा भाव विचारायला. पोस्टात! हवा चांगली आहे, सगळ्यांच्या होड्या भरून येताहेत, आपली होडी खलाशी घेऊन जातात आणि तांडेल पोस्टमनच्या तोंडाकडं बघत बसलाय. काल मला विचारलं, "तू नलीचं लिवलं होतं ना? धुराच्या नलीचं?" मी हो म्हटलं. संध्याकाळी पुन्हा विचारलं.

आई चूल सोडून देवापुढंच बसलेली असते. तिचं हेच मला बघवत नाही.

मला चांगलं काही सुचत नाही आहे, म्हणून इतकंच. नुसतं "बरा आहे" एवढे दोन शब्द लिहून पाठव. अर्धा कागद चालेल. पाव चालेल.

हिरा


घिवली, ता. १६ फेब्रुवारी १९६७

वाम्या रे वाम्या!

आलं! पोस्टमन खाडीच्या पलीकडूनच ओरडत आला, "तांडेल, उधमपूर!" बाबानं चिखलात उतरून त्याच्या हातातून पत्र ओढून घेतलं, उलटं धरलं, सुलटं धरलं, शेवटी वास घेतला आणि मला हाका मारत घरी आला. त्या पोस्टमनला आईनं तीन वेळा चहा पाजला. तो, आता जाऊ द्या, म्हणत होता तरी सोडलं नाही.

मी उभ्यानंच वाचलं. मारा आला तसा तू वेग कमी केलास, रुंद जागा बघून डोंगराच्या बाजूला थांबलास. इथं बाबानं मला थांबवलं.

"तोंड कुटं होतं?"

"सडकेकडं, बाबा. लिहिलंय त्यानं."

"हां. मंग वाच."

तुझे दिवे बघून मागचे ट्रक तुझ्यामागं ओळीनं थांबले, हे वाचल्यावर त्यानं सगळ्यांकडं असं पाहिलं की जसं काही तोच पुढच्या ट्रकमध्ये बसला होता. आणि मग ती जीप! फेटा, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, बरोबर दोन मामा, मुहूर्त चुकेल म्हणून घाईनं तुम्हाला ओलांडून गेले आणि तुझ्या डोळ्यांदेखत डोंगराच्या बाजूच्या गटारात कलले. वाम्या, तू दाराच्या कडीला दोर बांधून, कमरेला गाठ मारून गेलास आणि एकेकाला धरून तुझ्या ट्रकमध्ये आणलंस, हे मी आधी मनातल्या मनात वाचून घेतलं. बाबा म्हणाला, "मोठ्यानं वाच, लोकांना ऐकू येत नाय." अंगणात निम्मं गाव जमलं होतं.

नवरदेव गूळ-चणे खात तुझ्या घोंगडीत बसला आणि लग्न चुकलं म्हणून रडायला लागला, तेव्हा तू त्याला दटावलंस, "मी सांगेपर्यंत कोणी खाली उतरायचं नाही. लग्न उद्या पण लागतं." आई एवढी हसली, एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग मामांनी गाणी म्हटली, तू कोळ्यांची म्हटलीस, मारा थांबला, सगळ्यांनी मिळून जीप ओढून काढली आणि संध्याकाळी तूच त्या लग्नात पंगतीला बसलास. बघा! आमच्याकडं तोंडचं पाणी पळालं होतं आणि हा तिकडं लाडू खातोय! सडक बंद म्हणून टपाल अडकलं होतं, एवढंच कारण. चल, माफ केलं.

आता बातमी ऐक. ज्ञानचंद रजेवर घरी कांगड्याला चाललाय, पठाणकोटपर्यंत गाडीनं. काल बाबा बोयसरला जाऊन आला आणि जेवताना म्हणाला, "मी पन जातो त्याच्यासंगं. बरफ बघाया."

आई म्हणाली, "आनी पोराला?"

"बरफ बघताना मधे आला तर बघीन."

आईनं त्याच्या ताटात आणखी एक बोंबील वाढला आणि आत जाऊन त्याचं घोंगडं झटकायला घेतलं. तू माल घ्यायला पठाणकोटला उतरतोस ना? साहेबाकडं रजा माग, पाया पड, काय हवं ते कर, पण स्टेशनवर हजर राहा. त्याला पाट्या वाचता येत नाहीत, आणि कोणाला वाट विचारणार तर नाहीच.

तुझी बाय


घिवली, ता. १४ मार्च १९६७

बाबा,

हे पत्र तुला. पत्रात वडिलांना तुम्ही म्हणायचं असतं असं मास्तरांनी शिकवलं होतं, पण मला ते जमणार नाही. वाम्या, तू फक्त मोठ्यानं वाचायचं काम कर, मध्ये बोलू नकोस.

बाबा, शिमगा तोंडावर आला. शिमग्याआधी येतो म्हणून गेलेला माणूस तिकडं ट्रकमधून फिरतोय! होळीचं खोड कुठलं आणायचं म्हणून पोरं रोज दारात येतात. मी सांगते, तांडेल बर्फात आहेत. त्यांना ते खोटं वाटतं. आई म्हणते, राहू दे त्याला, सर्दी झाल्याशिवाय यायचा नाही. पण तुझ्या वाटणीच्या करंज्यांना लागेल म्हणून नारळ तिनं आत्ताच बाजूला काढून ठेवलाय.

पठाणकोटला काय झालं ते तू सांगणार नव्हतासच. वाम्यानं सगळं लिहिलंय, तेही पुरे दोन कागद भरून.

तू गाडीतून उतरलास तेव्हा हा हात जोडून उभा होता, आता शिव्या पडतील म्हणून खाली मान घालून. तू त्याच्याकडं बघितलंही नाहीस. सरळ बाहेर गेलास, ट्रकभोवती फिरलास. साखळ्या हातानं ओढून बघितल्यास, दोराची गाठ सोडून पुन्हा स्वतः बांधलीस, वाकून धुराच्या नळीत बोट घातलंस. हा मागं मागं. त्याला वाटलं आता म्हणशील, खटारा तो खटाराच.

बाबा, आपल्या होडीवर कोणीही येवो, सासरा येवो की साहेब येवो, चपला काढतो आणि आधी तांडेलाला विचारतो. तांडेल दाखवील तिथं बसतो. तू जन्मभर लोकांना जागा दाखवल्यास. बसायची जागा तुला कोणाला विचारताना मी तरी पाहिलेलं नाही.

वाम्या लिहितो, तू ट्रकपाशी चपला काढल्यास. त्या थंडीत. हातात घेतल्यास आणि त्याच्यापुढं येऊन म्हणालास, "तांडेल, मी कुटं बसू?"

हा तुझ्या अनवाणी पायांकडं बघतच उभा राहिला. तेव्हा तू ओरडलास म्हणे, "अरं, तांडेल हायस ना? जागा दाखव की! मागं गाड्या खोलंबल्यात!"

हे आईनं माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतलंय की आता ते मला पाठ झालंय. डोळे पुसते आणि पुन्हा म्हणते, वाच. वाम्या, आता मोठ्यानं वाचणं थांबव आणि उत्तर दे. आई केव्हाची विचारते आहे, मग बाबाला बसवलंस कुठं?

हिरा